पहिली मूठ

माझ्या सासऱ्यांना, शोदमोनबोबोंना, एका शब्दाचा फार अभिमान. शब्द काय, तर दिहकान. शेतकऱ्याला आमच्या झरफशान खोऱ्यात दुसरं नावच नाही. दर वसंतात पेरणीची पहिली मूठ तेच टाकत, आणि त्याआधी गावाला अर्थ सांगत. दिह म्हणजे गाव आणि दिहकान म्हणजे गावाचा धनी. राजे बदलले, धन्यांच्या जमिनी गेल्या, हाती नांगर आला. नाव तेवढं राहिलं. सगळे आमीन म्हणत, मगच बैल हलत.

त्या वर्षी मात्र धनी हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. जमिनी सरकारी सामुदायिक शेतीत जात होत्या आणि शेजारच्या गावातली माणसं धनी ठरवून गाड्यांत घालून नेली होती. त्यातलं एकही परतलं नव्हतं. सासूबाईंनी बोबोंना बजावलं, यंदा नुसती मूठ टाका, जिभेला कुलूप घाला. बोबोंनी मान डोलावली.

पेरणीला तालुक्याचा साहेब येऊन उभा राहिला. बोबोंनी मुकाट्याने मूठ भरली. तेवढ्यात त्यांचा लहानपणापासूनचा मित्र नियोझ पुढे सरसावला. अर्थ सांगितल्याशिवाय पेरलेलं उगवत नाही, ही त्या भोळ्या माणसाची पक्की समजूत. लाजतोस काय, मीच सांगतो, असं म्हणून तो धन्यापासून नांगरापर्यंत सगळं सांगून मोकळा झाला. आमीन कुणीच म्हटलं नाही.

"ही शिकवण कुणाची?" साहेबाने विचारलं.

नियोझने बोबोंकडे पाहिलं. बोबोंचा चेहरा पांढराफटक.

"त्याचीच," ते म्हणाले. "मला कुठलं ठाऊक?"

मला वाटलं, नियोझ आता भांडेल. त्याने नुसती टोपी सारखी केली.

"हो, माझीच. हा कसला सांगतोय, साहेब? याचं तर बैलसुद्धा ऐकत नाहीत."

थोड्याच दिवसांत त्याला नेलं. रस्त्यावर गाडी वाजली की बोबो दाराला आतून कडी घालत. मला त्यांचा संताप येई. पण त्या जागी मीही तेच केलं असतं, या विचाराने जास्त भीती वाटे.

पुढच्या वसंतात त्यांनी मूठ टाकायला साफ नकार दिला. तेव्हा नियोझची बायको मस्तोरा बियाण्याची पिशवी घेऊन आमच्या अंगणात आली. बोबो भिंतीला धरून उठले.

"चला, शोदमोनअका. मूठ तुम्हीच टाकायची," ती म्हणाली. "आणि अर्थही सांगायचा, पुरता. माझा माणूस त्या अर्थापायी गेलाय. अर्धा सांगाल तर मी शेतातून हलायची नाही."

बोबोंनी एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग त्यांनी पिशवी उचलली.