तोरिकाचं वेलीचं कडं

तोरिका माझी नणंद. उजवा पाय लंगडा, जीभ मात्र धडधाकट. दारासमोरच्या किनाऱ्यावरच्या चिखलातल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, उकरून तिनं पोरं वाढवली. त्यापुढे तिला फारसं चालवत नाही.

तिसऱ्या कमी झाल्या तेव्हा राजधानीतून, सुवाहून, दोन शिकलेली माणसं आली. एक म्हणाला, किनारा तीन वर्षं बंद ठेवा. दुसरा म्हणाला, काही उपयोग नाही, नदीचा गाळच त्यांना मारतोय. सभेत प्यायच्या यांगोनाचं, त्या मुळीच्या पेयाचं, भांडं तीनदा भरलं, तरी दोघांचा वाद संपेना. तोरिकाला दुसरा पटला. पटणारच, किनारा बंद झाला तर तिची चूल थंड. तरी ती उठून म्हणाली, "तुमच्या दोघांच्याही बुटांना चिखल लागलेला नाही. अर्धा किनारा बंद करा, अर्धा उघडा ठेवा. वर्षानं मोजू."

गावप्रमुखांनी विचारलं, "कुठला अर्धा बंद?"

"माझ्या दारातला. नाहीतर म्हणाल, लंगडीनं स्वतःचं राखलं."

खांबांना नारळाच्या झावळ्या बांधल्या. त्या दिसल्या की आमच्यात तिथं कुणी हात घालत नाही. तोरिकानं वेलीचं कडं वळलं. ते चिखलावर टाकायचं आणि आतल्या तिसऱ्या मोजायच्या. पहिल्याच मोजणीला आम्ही बायकांनी घोळ केला. मोजायला म्हणून टोपली घरी नेत होतो, वाटेत माझ्या जावेनं मागितली. नात्यातल्यानं मागितलं तर आम्हाला नाही म्हणता येत नाही. सगळी मोजणी नारळाच्या दुधात शिजली.

"छान," तोरिका म्हणाली. "आता आकडा तिच्या पोटातून काढा."

तेव्हापासून मोजून जागच्या जागी पुरायच्या, असं ठरलं.

वर्षभर ती पाय ओढत लांबच्या अर्ध्यात जायची. वर्ष संपल्यावर दहा-दहा ठिकाणी कडं टाकलं. झावळ्यांच्या आत कड्याला तीसेक निघत, बाहेर जेमतेम नऊ. गाळ तर दोन्हीकडे सारखाच होता. आकडे तिच्याच तोंडी होते, मला वाटलं आतले थोडे कमी सांगेल. सभेत ती म्हणाली, "मी चुकले. बंद ठेवल्यानं वाढतात."

पहिला साहेब खूश झाला. म्हणाला, मग तीन वर्षं नक्की.

"तीन कुणी मोजलीत? मी एकच मोजलंय. आणखी एक ठेवा, मग पुन्हा कडं टाकू."

गावानं तसंच ठरवलं. तिच्या दारातल्या झावळ्या राहिल्या.

आता तिला लांबच्या अर्ध्यापर्यंत जाववत नाही. सकाळी रिकामी टोपली घेऊन माझ्या उंबऱ्याशी बसते. "वहिनी, मागतेय हं," म्हणते.

मी भरते. मोजत मात्र नाही.