कॅज्युअल्टीतलं माहेर

बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत असं एकही इस्पितळ नसेल, जिथल्या कॅज्युअल्टीत आमच्या धाकट्या जावेचं माहेर नाही. आपण तिथे गेलो की केसपेपरच्या खिडकीपासूनच परके. ती गेली की दारावरचा सिक्युरिटीवाला सरकून वाट देतो, मावशी स्ट्रेचरवरची चादर झटकते, आणि ज्या सिस्टरने मला 'बाहेर थांबा' याखेरीज तिसरा शब्द ऐकवलेला नाही, ती हिला आपली बदली कुठे अडली आहे ते सांगत बसते. बरं, ओळख एकाशीही नाही. कुणा साहेबाची चिठ्ठी नाही. दिसायला बेताची, शिक्षण बारावी. मी बँकेत अधिकारी आहे. हे सांगायची काही गरज नव्हती, पण तिचा विषय निघाला की मला ते सांगावंसं वाटतं.

नात्यात कुणाचं बोट कापलं तरी ही दिंडोशीहून निघालीच. खांद्याला गोणीएवढी पिशवी. तिच्यात जुनी चादर, सेफ्टी पिना, ग्लुकोजची बिस्किटं आणि कुणाचे तरी जुने एक्स-रे. पोचली की ती आधी दोन मिनिटं भिंतीला टेकून नुसती बघत राहते. "ताई, इथं डॉक्टरचं राज्य नाही. ती निळ्या साडीतली मावशी बघा, सगळे तिला विचारून हलतात." हे नेहमी खरं निघतं, त्याचाच राग येतो. माझ्या नवऱ्याला मुतखडा झाला तेव्हा ही मदतीला आली, आणि एका अनोळखी आजोबांच्या सलाइनला स्टँड नाही म्हणून बाटली हातात धरून पाऊण तास तिकडेच उभी राहिली. मी चिडले. "अगं, आपला पेशंट इकडे कळवळतोय!" तर म्हणते, "भाऊजी ओरडतायत ना, म्हणजे ठीक आहेत." आजोबा गोराईचे कोळी होते. त्यांच्या घरून तिला अजून सुके बोंबील येतात. त्यांच्या मुलीला केसपेपरची रांग दाखवणारी मी. मला कोलंबीचं शेपूटही नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी सासूबाईंना दम लागला. नवरा गावाला, दीर कामावर. विक्रोळीहून रिक्षा करून त्यांना मीच इस्पितळात आणलं. मग पाऊण तास बाकावर. खिडकीवर सिस्टीम डाउन. आतल्या तरुण डॉक्टरने लांबूनच "बसवा त्यांना" म्हटलं. शेवटी मी उठले आणि पेशंटच्या हक्कांवर त्याला अस्खलित इंग्रजीत झाडलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, मी कालपासून उभा आहे," एवढंच म्हणाला आणि पाठ फिरवून गेला. खोटं बोलत नव्हता, डोळे लाल होते त्याचे. मी परत आले तर सासूबाईंनी माझा पदर ओढला आणि धापा टाकत, चारचौघांत म्हणाल्या, "तू रवांदे गो. धाकलेक बोलव." दम त्यांना लागला होता, पण कळ माझ्या छातीत आली.

केला फोन. आणखी पाऊण तासाने ती आली. या वेळी भिंतीला टेकली नाही. थेट सासूबाईंसमोर उकिडवी बसली, पावलं चाचपली, तोंडाकडे पाहिलं आणि टेबलावर मान घालून लिहिणाऱ्या सिस्टरकडे गेली.

"सिस्टर, माझी नजर जरा कच्ची आहे. त्या आमच्या आईंचे ओठ निळे दिसतात का हो? एकदाच बघा."

सिस्टरने मान वर केली, आणि उठली ती खुर्ची मागे पाडूनच. मिनिटभरात ऑक्सिजन लागला. तोच डॉक्टर धावत आला. "आणखी उशीर झाला असता तर..." म्हणाला आणि मास्क सरळ करू लागला. दीड तास मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसले होते. घड्याळ पाहिलं, खिडकी पाहिली, डॉक्टरचे लाल डोळेसुद्धा पाहिले. ओठ पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात सासूबाई येईल त्याला सांगत होत्या, "तिणां वाचवल्यान माका." रिक्षा कुणी केली याचा उल्लेख नव्हता. ते ऐकवेना, म्हणून मी कँटीनमध्ये गेले, तर कोपऱ्यात धाकटी बसलेली. हात टेबलाखाली दाबून धरले होते, तरी खांदे थरथरत होते.

"काय गं?"

"काही नाही ताई. नंतर होतं असं मला." मग समोरचा चहा बाजूला सारून म्हणाली, "माझ्या बाबांना असंच कॅज्युअल्टीत आणलं होतं तेव्हा मी एकोणीस वर्षांची. त्यांची नखं काळी पडताना मला दिसत होती. पण काका म्हणाले, मोठी माणसं बोलतायत, तू गप्प बस. बसले मी." ती हसल्यासारखं करत माझ्याकडे बघू लागली. "काल सिस्टर सांगत होती, तुम्ही डॉक्टरला इंग्लिशमध्ये कसं सुनावलंत ते. मला तेव्हा तसं येत असतं ना ताई..."

त्या इंग्रजीने काडीचाही उपयोग झाला नव्हता, हे तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला माझा हेवा वाटत होता, आणि तो मला हातचा सोडवेना. मी नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. फार बारीक झाली होती ती, माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

तेवढ्यात दारातून कुठलीशी मावशी ओरडली, "अगं ए, तुझी म्हातारी शोधतेय तुला!" तिने पदराने तोंड पुसलं, पिशवी उचलली आणि लगबगीने गेली. तिचा चहा तसाच होता, वर साय धरलेली. मी तो प्यायले. गार होता, बिनसाखरेचा होता. ती चहात साखर घेत नाही, हेही मला त्या दिवशी कळलं.