नदीच्या वळणाचं चोरलेलं चित्र

इतकी वर्षं झाली, तरी त्या दुकानातली ती दुपार मला जशीच्या तशी आठवते. साल दोन हजार पाच असावं. डेट्रॉईटजवळच्या एका उपनगरात मी डिटेक्टिव्ह होतो, आणि पोलीस ठाण्यात मराठी माणूस मी एकटाच.

तक्रार एका मराठी काकूंची होती. त्यांचे यजमान मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. फ्रान्सला कामावर असताना त्यांनी एक निसर्गचित्र विकत घेतलं होतं. त्याचा चित्रकार तिकडच्या एका खेड्यातला. पॅरिसच्या नादी न लागता तो चाळीस वर्षं पाठीवर रंगांची पेटी बांधून नदीवर जायचा आणि तिचं एकच वळण रंगवायचा. कधी धुक्यात, कधी पुरात, कधी बर्फात. जिवंतपणी त्याला कुणी विचारलं नाही, आता मात्र त्याच्या चित्रांना भाव आला होता. यजमान गेल्यावर काकूंनी विम्याची रक्कम वाढवण्यासाठी चित्र तपासून घेतलं, तर तज्ज्ञ म्हणाला, ही नक्कल आहे. विकत घेताना ते अस्सल ठरलं होतं, म्हणजे मधे कुणीतरी बदललं होतं.

दुसऱ्याच आठवड्यात निनावी फोन आला: काकूंच्या बेसमेंटमध्ये राहणाऱ्या मुलीला विचारा. ही भाडेकरू मुलगी नागपूरची, इथे पीएचडी करत होती. गुन्हा दाखल झाला असता तर तिचा व्हिसा गेला असता आणि चार वर्षांचं संशोधन पाण्यात. मला ते पक्कं माहीत होतं. पण मराठी म्हणून सूट दिली असं सहकाऱ्यांनी म्हणू नये, या हट्टापायी मी जास्तच कडक झालो. संशयिताचे हक्क वाचून दाखवले आणि तीन तास इंग्रजीतूनच फैलावर घेतलं. "आय डिडन्ट टेक इट, सर," यापलीकडे ती बोलेना. गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो, हा आमचा ठोकताळा. आणि ती लपवतच होती.

चौकशीला सोबत बसलेला सहकारी बाहेर गेला. मी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला आणि तोंडातून निघून गेलं, "घरी फोन केलास का गं?"

तिला रडूच फुटलं. "काका, काकूंनी कुणाला सांगू नको म्हटलंय. त्या दर दसऱ्याला त्या पेंटिंगला हळदकुंकू लावतात. समोरून खराब होईल म्हणून मागच्या साइडला. मीच तर धरून उभी असते! पेंटिंग आपणच खराब केलं असं इन्शुरन्सवाल्यांना वाटलं तर क्लेम रिजेक्ट करतील, म्हणून घाबरल्यात त्या."

मी ताडकन उठलो. पुराव्याच्या खोलीत जाऊन ती नक्कल उलटी केली. पाठ कोरी करकरीत! काकूंना विचारलं, तर दसऱ्यानंतर चित्र भिंतीवरून एकदाच उतरलं होतं. नाताळात, सफाईसाठी एका दुकानात.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत, गिऱ्हाईक बनून मी त्या दुकानात गेलो. या चित्रकाराचं काही मिळेल का, म्हणून विचारलं. मालक खूश झाला. एकाच वळणाची शेकडो चित्रं, त्यात आणखी एक सापडलं तर हटकणार कोण, हा त्याचा हिशेब. त्याने चित्र आणलं आणि आपणहून उलटं करून दाखवलं.

"हे बघा, चित्रकाराच्या बोटांच्या खुणा. तो इथे रंग पुसायचा. अस्सलपणाचा याहून मोठा पुरावा कुठला?"

पिवळं बोट, शेजारी लाल. अशा एकाखाली एक पाच जोड्या. मला तिथल्या तिथे उडी मारावीशी वाटली! चेहरा मख्ख ठेवून बाहेर पडलो आणि वॉरंट घेऊनच परतलो.

तरीही मालक हेका सोडेना. मग त्या फ्रेंच गावातल्या संग्रहालयाच्या बाईंना फोन लावला. त्या हसल्याच. त्या चित्रकाराच्या पेटीत लाल रंग कधी नसायचा. परवडत नव्हता आणि त्याच्या नदीला लागतही नव्हता. प्रयोगशाळेने हळद असल्याचं कळवलं, तेव्हा मालकाने सफाईला आलेलं चित्र बदलल्याची कबुली दिली. नक्कल उघडकीला आल्याचं धंद्यातल्या लोकांकडून कळताच केलेला तो निनावी फोनही त्याचाच. चित्र द्यायला काकूंबरोबर आलेली मुलगी त्याच्या बरोबर लक्षात राहिली होती.

चित्र पुन्हा भिंतीवर लागलं त्या दिवशी काकूंनी मला जेवायला बोलावलं. मी त्या मुलीची माफी मागितली. वाढता वाढता ती म्हणाली, "काका, चोरीच्या आरोपाची एवढी भीती नव्हती वाटली. पण तुमच्या नावावरून कळत होतं, ह्यांना माझं सगळं समजतंय आणि तरी हे अनोळखी असल्यासारखे बोलतायत, ते फार स्केअरी होतं."

मी पुढेही बरीच वर्षं नोकरी केली, पण त्यानंतर चौकशीच्या खोलीत शिरण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारत आलो: आज मी कुणाला घाबरतोय? त्या तीन तासांत मी सहकाऱ्यांच्या नजरेला घाबरलो होतो, आणि त्याची शिक्षा ती पोर भोगणार होती.