थंड टायरची हवा

गरम टायरमध्ये हवाचाचा हवा भरत नसत. समोर पोलिसांची गाडी असो, वनखात्याची असो की लग्नाच्या वऱ्हाडाची, नियम एकच. आलापल्लीच्या चौकात टिनाच्या छपराखाली त्यांचं टायरचं दुकान होतं, म्हणून गाव त्यांना हवाचाचा म्हणायचं. गाडी येऊन थांबली की ते आधी वाकून टायरला तळहाताची मागची बाजू लावत, तापलेल्या पोराच्या कपाळाला आई लावते तशी. टायर गरम लागला की बाकड्याकडे बोट करायचं. "बसा. चाय प्या. टायर गरम हाय." एकदा एका साहेबाच्या ड्रायव्हरने आवाज चढवला, साहेबांना घाई आहे म्हणाला. चाचा शांतपणे म्हणाले, "घाई साहेबाले हाय. टायरले काई घाई नाई." साहेब उतरले आणि बाकड्यावर बसून चहा प्याले.

"गरम टायर खोटं बोलते, भाऊ," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गाडी पळाली की आतली हवा तापून फुगते, मीटरचा काटा वर चढतो, माणसाला वाटतं हवा भरपूर आहे. खरा आकडा कळतो तो टायर गार असताना. शाळा चौथीपर्यंत झालेल्या या माणसाला हे कुणी शिकवलं नव्हतं. चाळीस वर्षं टायरांना हात लावून त्यांना ते कळलं होतं. म्हणून हिवाळ्यात पहाटेची नमाज झाली की ते दुकान उघडत आणि कानाला मफलर गुंडाळून बसत. ज्याला खरी हवा पाहिजे त्याने त्या वेळी यायचं. गारठ्यात कुडकुडत लोक येतही असत. जंगलातल्या गावाहून सागाच्या सावलीतून सायकल रेटत आलेला माणूस आणि नवी कोरी जीपवाला, दोघे एकाच रांगेत उभे असत. सायकलवाला आधी आला असेल तर आधी सायकल.

माझं औषधाचं दुकान त्यांच्या बरोब्बर समोर. त्यामुळे मला ते नावाने कधी हाक मारत नसत. "काय मेडिकल, आज गिऱ्हाईक नाई काय?" असा रस्त्यापलीकडून आवाज यायचा. मी वयाने त्यांच्याहून वीस-बावीस वर्षांनी लहान. माझं लग्न झालं नाही, आईवडील गेले, आणि माणसाला चाळिशीनंतर जे खूळ लागायचं ते मला गाडीचं लागलं. हैदराबादच्या एका माणसाकडून मी जुनी, लाल रंगाची, दोनच सीटची स्पोर्ट्स कार घेतली. आलापल्लीत अशी गाडी आणणं म्हणजे हौसेला मोल नाही याचं जिवंत उदाहरण. पहिल्या दिवशी अर्धं गाव बघायला जमलं. चाचा गाडीभोवती एक फेरी मारून आले, वाकून आत बघितलं आणि म्हणाले, "दोनच सीटा? तुह्यं लगन झालं तं सासू कुठी बसन?" लोक हसले. चाचा मात्र तोवर पुढच्या टायरपाशी उकिडवे बसले होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

त्यांनी अंगठ्याचं नख टायरच्या रबरात रुतवून पाहिलं. रुतलं नाही. "हे रबर म्हातारं झालं," ते म्हणाले. मी सांगितलं की नक्षी चांगली शाबूत आहे, टायर झिजलेला नाही. त्यावर त्यांनी टायरच्या कडेवरचे चार आकडे मला वाचायला लावले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायर सात वर्षांचा निघाला. "झिजला नाई म्हून चांगला असं नसते. नुसता ठेवल्यानं बी म्हातारा होते. माह्याकडं पाह्य." मग म्हणाले, उन्हाळ्यात हा टायर तुला काही म्हणणार नाही, पण हिवाळ्यात पहाटे हाच टायर तुला नाल्यात घालेल. थंडीत असं रबर लाकडासारखं होतं, आणि इथला रस्ता पहाटे दवाने भिजलेला, वर सागाची पानं पडलेली.

मला शहाणपणा सुचला. मी रात्रभर मोबाईलवर वाचलं आणि सकाळी त्यांना जाऊन सांगितलं की परदेशात हिवाळ्याचे वेगळे टायर मिळतात, आपण ते मागवू. चाचांनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिले. थट्टा केली नाही. कुठल्याही टायरची ते थट्टा करत नसत. "चांगली चीज हाय," ते म्हणाले. "पन हे बरफासाठी हाय. आपल्या इथी सकाळी गारठा आन दुपारी डांबर तापते. दुपारी हे लोण्यावानी पातळ होईन." त्यांना पाहिजे होता मऊ रबराचा, पाणी बाहेर फेकणाऱ्या खोल चरांचा, जुन्याहून थोडा अरुंद आणि कडेला थोडा उंच टायर. असा टायर मिळायला दोन महिने लागले. चंद्रपूरहून आलेली पहिली खेप त्यांनी तारीख वाचून परत पाठवली. दुसरीचं रबर त्यांच्या नखाला पटलं नाही. मी वैतागलो. तिसरी पटली तेव्हा त्यांनी चारही टायर स्वतः बसवले, गाडी रात्रभर बाहेर थंडीत उभी ठेवायला लावली, आणि पहाटे बत्तीस पौंड हवा भरली. "आता याले हात लावू नको. दर पंधरा दिवसानं सकाळी माह्याकडं आन."

मी दोन हिवाळे हे पाळलं. पण माणूस शिकला की त्याला गुरूच्या चुका दिसायला लागतात. मी घरबसल्या एक हवा मोजायचं मीटर मागवलं होतं, आकडे दाखवणारं, चकचकीत. चाचांचं मीटर पितळेचं, काच तडकलेली. तिसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीतल्या एका संध्याकाळी मी चंद्रपूरहून औषधं घेऊन आलो. चाचांचं दुकान बंद दिसलं. दुपारपासून पित्त झालंय म्हणून घरी गेले, असं शेजाऱ्याने सांगितलं. मी नवं मीटर काढून टायरला लावलं तर आकडा अडतीस. चारही टायर अडतीस. मला वाटलं, म्हातारा चुकला, त्याच्या तडकलेल्या मीटरने सहा पौंड जास्त भरली. शंभरावर किलोमीटर पळून आलेले टायर हाताला चटका देत होते आणि मी ऐटीत बसून चारही टायरांमधली हवा काढून बत्तीसवर आणली. गरम टायरमध्ये हवा भरायची नाही हे मला पाठ होतं. गरम टायरमधली हवा काढायची नाही, हेही त्यातच आलं, हे डोक्यात शिरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे चाची माझं दार वाजवत आल्या. चाचांच्या छातीत दुखत होतं, घामाने कपडे भिजले होते. मी औषधवाला, मला बघताक्षणी कळलं की हे पित्त नाही. मी त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चघळायला दिली आणि गावातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, इंजेक्शन दिलं आणि सांगितलं की आत्ताच्या आत्ता गडचिरोलीला न्या. रुग्णवाहिका बाळंतपणाची बाई घेऊन नुकतीच गेली होती, परत यायला दोन तास तरी लागणार होते. माझी गाडी दारात होती. दोनच सीटा. मी चाचांना धरून बसवलं आणि चाची बाहेर पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "तुम्हाला घ्यायला लगेच येतो." चाचांनी बसताना एकदा मागच्या टायरकडे पाहिलेलं मला दिसलं होतं.

गाव सुटलं नाही तोच चाचा म्हणाले, "थांब. टायर बसले हायेत."

"चाचा, आत्ता नाही. पोचल्यावर बघू."

"थांब म्हनलं ना." आवाज अगदी बारीक होता, पण मी थांबलो. या माणसाचं ऐकायची सवयच होती. मीटर लावलं. चारही टायर सव्वीस. "हवा कोनं काढली?" त्यांनी विचारलं.

"थंडीने उतरली असेल," मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "पंप काढ. चारीत बत्तीस भर." पायाने मारायचा पंप त्यांनीच मला गाडीत ठेवायला लावला होता. मी हात जोडले, रडकुंडीला आलो, म्हणालो, चाचा, एकेक मिनिट महत्त्वाचं आहे, मला माहीत आहे. ते म्हणाले, "मले बी मालूम हाय." दार उघडं ठेवून, छाती दाबून धरून ते आकडे ऐकत बसले. मी एकेक टायर भरून आकडा सांगत होतो. शेवटच्या टायरला मी घाईने तीसवरच बत्तीस म्हणालो तर म्हणाले, "आजून चार-सहा पाय मार." धुक्यातला गार रस्ता, कुणी नाही, आणि मी वेड्यासारखा पंप मारतोय. वीस मिनिटं गेली. मनात मी त्यांच्यावर चिडलो होतो आणि त्याहून जास्त स्वतःवर.

गडचिरोलीला त्यांना लगेच आत घेतलं. राजुऱ्याहून त्यांची मुलगी शबाना आणि जावई निघाले होते, ते पोचेपर्यंत मी थांबलो. जीव वाचला. पण डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, हृदयाचा बराच भाग कामातून गेला, थोडं आधी आणायला हवं होतं. मी विचारलं, "किती आधी?" ते म्हणाले, असं सांगता येत नाही, अशा वेळी अर्धा तासही मोठा असतो. पुढचं मी ऐकलंच नाही. दुपारी मी चाचींना आणायला निघालो. ऊन तापलं होतं, रस्ता मोकळा होता, डोळ्यांतलं पाणी पुसत मी गाडी किती वेगाने हाकली ते मला सांगवत नाही. संध्याकाळी चाची गडचिरोलीला त्यांच्या उशाशी होत्या.

चाचांना पुन्हा टायर उचकटायचा लोखंडी लिव्हर उचलता आला नाही. चार पावलं चालले की दम लागायचा. दुकान बंद झालं आणि दोघं राजुऱ्याला मुलीकडे गेले. मी महिन्या-दोन महिन्यांनी औषधं घेऊन जायचो. दरवेळी ठरवून जायचो की आज सांगायचं, आणि दरवेळी तसाच परत यायचो. दीड वर्ष हे चाललं. शेवटी एकदा चाची आत स्वयंपाकात असताना मी सांगून टाकलं. हवा मी काढली होती, तुमचं मीटर चुकीचं समजून काढली होती, आणि वर तुमच्याशी खोटं बोललो. तुमची वीस मिनिटं माझ्यामुळे गेली.

चाचांनी ऐकून घेतलं. थोडा श्वास जमवला. मग म्हणाले, "एका रातच्या थंडीनं सहा पौंड उतरत नाई. मले तवाच समजलं होतं."

"मग तेव्हा थांबवलंत कशाला? वेळ जात होता तो तुमचाच ना?"

"सकाळच्या गारठ्यात ते टायर गडचिरोलीपर्यंत निभले असते," ते म्हणाले. "कमी हवेचा टायर फुटते दुपारी. डांबर तापलं आन गाडी पळवली की. तू चाचीले आनाले पळतच जानार होता. मंग त्या सीटवर तिले बसवून तसाच पळत येनार होता. जातानी मी होतो सांगाले. येतानी कोन होतं?"

मी त्यांचा हात धरून बसलो. त्यांनी तो काढून घेतला नाही, पण थोड्या वेळाने म्हणाले, "शबानाच्या मायले नको सांगू." चाची चहा घेऊन आल्या तेव्हा आम्ही दोघं टायरांच्याच गोष्टी बोलत होतो.

त्या हिवाळ्यात चाचा गेले. मी राजुऱ्याला गेलो, जनाज्याला खांदा दिला, माती दिली. त्यांचा शब्द मी पाळला आहे, चाचींना काहीही सांगितलेलं नाही. अजून दर ईदेला जातो. चाची मला समोर बसवून शिरखुर्मा वाढतात आणि घरात जो कुणी पाहुणा असेल त्याला माझी ओळख करून देतात. म्हणतात, "हेच ते मेडिकलवाले भाऊ. यायनंच त्या दिवशी टाईमवर नेलं म्हून मले माह्या मानसासंग आजून दोन वर्सं भेटले." पाहुणा माझ्याकडे आदराने बघतो. मी मान खाली घालतो आणि वाटी संपवतो.