पायऱ्यांवर बसून राहिलेली डॉक्टर

इटलीतल्या सिसिलीला जायची टूम अभिजितने काढली. आयर्लंडमधल्या लेटरकेनीत जुलै म्हणजे नावापुरता उन्हाळा. भरदुपारीही अंगातलं जाकीट निघत नाही. ज्ञानदा तिथल्या हॉस्पिटलात मेडिसिनची रजिस्ट्रार, म्हणजे मोठ्या डॉक्टरांच्या हाताखालची डॉक्टर होती. तिच्या ड्यूट्या, अभिजितचं घरून चालणारं सॉफ्टवेअरचं काम आणि नऊ वर्षांच्या मुक्ताची शाळा यांतून तिघं एका वेळी जेवायला बसले तरी सण वाटायचा.

"या वेळी कामाचा फोन घरीच ठेवायचा," अभिजितने बजावलं. "तिकडे तू डॉक्टर नाहीस. फक्त मुक्ताची आई."

"बरं बाबा," ज्ञानदा हसून म्हणाली होती.

ज्ञानदा नागपूरच्या मेडिकलमधून एम. डी. झालेली. हाताला यश आहे, असं तिथले सर सगळ्यांदेखत म्हणायचे. आयर्लंडला आल्यावर, लेटरकेनीच्या आधी, ती दुसऱ्या एका गावातल्या लहानशा हॉस्पिटलात होती. तिथे एक म्हातारे पेशंट गेले आणि त्यांच्या मुलाने तिच्याविरुद्ध तक्रार केली. रीतसर चौकशी झाली, तिची काहीच चूक नव्हती असं ठरलं, लोकांनी अभिनंदनसुद्धा केलं. पण "त्या क्षणी तुम्ही नेमकं काय केलंत?" हा प्रश्न तिला त्या खोलीत इतक्या तऱ्हांनी विचारला गेला होता, की तो तिच्या अंगात मुरून बसला. वॉर्डात भोवती नर्स असल्या, मशीन असलं, फोन केल्यावर येणारा सीनियर असला, की तिचं सगळं ठीक चालायचं. एकटीवर वेळ आली की तिला भीती वाटायची. हे तिने अभिजितलाही कधी धड सांगितलं नव्हतं.

सुट्टीची सुरुवात तर झकास झाली. विमानतळावरून भाड्याची गाडी घेतली आणि समुद्राच्या कडेकडेने ताओर्मिनाला आले. तिथले लोक सकाळी नाश्त्याला लिंबाच्या चवीच्या बर्फात पाव बुडवून खातात हे बघून मुक्ता हरखून गेली. "ब्रेकफास्टला आइस्क्रीम! मम्मी, आपण इकडेच राहू या ना," असं ती तिच्या लेटरकेनीकडच्या, डोनेगॉली हेल असलेल्या इंग्रजीत दिवसभर घोकत होती. मराठीतलं तिला सगळं कळायचं, पण तोंडातून यायचं ते इंग्रजीच.

तिसऱ्या दिवशी ते डोंगरावरचं जुनं ग्रीक नाट्यगृह बघायला गेले. अर्धगोलात उतरत गेलेल्या दगडी पायऱ्या, खाली पडक्या विटांचं रंगपीठ, आणि त्याच्या मधल्या खिंडारातून दिसणारा समुद्र. पलीकडे एटना ज्वालामुखी धुराची टोपी घालून बसलेला. ऊन मी म्हणत होतं. अभिजित फोटो काढायला पार दुसऱ्या टोकाला गेला. ज्ञानदा आणि मुक्ता वरच्या पायरीवर, भिंतीच्या सावलीत टेकल्या.

त्यांच्या बऱ्याच खाली एक वयस्कर जोडपं पायऱ्या चढत होतं. चौकड्यांचा शर्ट घातलेले गृहस्थ मध्येच थांबले. खाली बसले. आणि बसल्याजागी कुशीवर कलंडले.

बाईंची किंकाळी वरपर्यंत आली. लोक गोळा झाले. नाट्यगृहाची एक कर्मचारी धावत आली आणि चहूकडे बघत ओरडली, आधी इटालियनमध्ये, मग इंग्रजीत: "डॉक्टर? कुणी डॉक्टर आहे का इथे?"

वरून ज्ञानदाला सगळं स्वच्छ दिसत होतं. छाती हलत नव्हती. चेहऱ्याचा रंग बदलला होता. काय झालंय आणि काय करायला हवं, हे तिला त्या हाकेच्या आधीच कळलं होतं.

"मम्मी," मुक्ता म्हणाली, "त्यांना डॉक्टर हवाय."

"हो. येईल कुणीतरी."

"पण तू आहेस ना."

"थांब जरा, मुक्ता." असं म्हणून ज्ञानदाने केसांवर सरकवलेला गॉगल डोळ्यांवर ओढला.

पुन्हा हाक आली. कुणीच पुढे होईना तेव्हा पिवळ्या झग्यातली एक तरुण बाई गुडघ्यांवर बसली आणि बंद पडलेलं हृदय चालू करायला त्या गृहस्थांना दाबू लागली. चुकीच्या जागी. छातीऐवजी जवळजवळ पोटावर, आणि फार हळू. हात वर, छातीवर घ्या, एवढंच ओरडायचं होतं. ज्ञानदाच्या ओठांवर आलंही होतं. पण ओरडलं की सगळ्या माना तिच्याकडे वळल्या असत्या, आणि मग ती उठली असती, आणि मग तो माणूस तिचा झाला असता. ती गप्प राहिली. 

थोड्या वेळाने शॉक द्यायचं मशीन आलं, स्ट्रेचर आलं. त्या गृहस्थांना उचलून नेलं. त्यांच्या पायातला एक बूट निघाला होता, तो छातीशी धरून त्यांची बायको मागे धावत गेली.

अभिजित परत आला. "काय गर्दी होती खाली?"

"कुणाला तरी चक्कर आली," ज्ञानदा म्हणाली.

मुक्ताने आईकडे पाहिलं आणि नजर समुद्राकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी ते सिराकूजला मुक्कामाला गेले. तिथलं मोठं चर्च जुन्या ग्रीक देवळाच्या खांबांभोवती बांधलेलं आहे. अभिजित उत्साहाने दाखवत होता, मुक्ता खांबांना मिठ्या मारत होती. ज्ञानदा "वा, छान" म्हणत होती, आणि तिला दिसत होता तो बूट.

तिथे त्यांच्या मुक्कामाच्या जागी आयर्लंडच्याच स्लायगोचं एक निवृत्त जोडपं उतरलं होतं. पुढच्या सकाळी नाश्त्याच्या टेबलावर गप्पा निघाल्या. आपण सगळे एकाच बाजूचे म्हणून त्या आजीबाई खूश झाल्या. मुक्ताला म्हणाल्या, "आणि तुझे मम्मी-डॅडी काय करतात गं, लाडके?"

एरवी मुक्ता हे सांगायची वाटच बघत असे. आज तिने पावाचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "डॅडी कॉम्प्युटरचं काम करतो. मम्मी ऑफिसात असते."

"ग्रँड, छानच," आजीबाई म्हणाल्या.

अभिजित हसायला लागला, पण ज्ञानदाचा चेहरा बघून थांबला. तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं होतं. 

खोलीत आल्यावर तिने दार लावून घेतलं. "मुक्ता, तू असं का सांगितलंस?"

मुक्ता पलंगाच्या कडेला बसून सँडलचा पट्टा काढत-घालत होती. "तू डॉक्टर असतीस तर खाली गेली असतीस ना. मग मला वाटलं, लोकांना कळलेलं तुला आवडणार नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता. आईची लाज आपण झाकली, एवढंच तिला सांगायचं होतं. कुणी थोबाडीत मारली असती तर ज्ञानदाला सोसलं असतं.

"मी घाबरले," ती म्हणाली.

"त्या आजोबांना?"

"नाही गं. चुकेन म्हणून. आणि मग लोक मला विचारतील म्हणून."

"पण ती पिवळ्या ड्रेसवाली गेली."

"हो. तिला येत नव्हतं, तरी गेली. ती चुकीचं करत होती. मला दिसत होतं."

मुक्ताचे डोळे मोठे झाले. हे तिला माहीत नव्हतं. "आणि तू तिला सांगितलं नाहीस?"

"नाही."

अभिजित खिडकीशी उभा होता. त्याला आता कुठे उलगडा होत होता. तो म्हणाला, "मीच म्हणालो होतो तुला, तिकडे तू डॉक्टर नाहीस म्हणून."

"ते तू अंगावर घेऊ नकोस. मला तेव्हा ते आठवलंसुद्धा नव्हतं."

मग तिने त्याला त्या चौकशीनंतरचं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. शेवटी त्याने गाडीची किल्ली उचलली आणि विचारलं, "परत जाऊ या?"

ताओर्मिनाच्या नाट्यगृहाशी ते पोचले तेव्हा दारावर तीच कर्मचारी होती. ज्ञानदाने चौकड्यांच्या शर्टातल्या गृहस्थांबद्दल विचारलं. नेलं तेव्हा नाडी लागत होती, बाई म्हणाल्या. पुढचं काही माहीत नाही. कुठले, कोण, तेही त्या सांगू शकत नव्हत्या. "तुम्ही त्यांच्या नात्यातल्या का?"

"नाही," ज्ञानदा म्हणाली. मुक्ता तिच्या शेजारीच उभी होती. "मी डॉक्टर आहे. त्या दिवशी मी इथेच होते. वर बसले होते."

बाईंना आधी नीट कळलं नाही. "इथे? मी हाक मारली तेव्हा?"

"हो."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या.  मागे रांग खोळंबली होती. त्यांनी मान फिरवली आणि पुढच्या माणसाचं तिकीट हातात घेतलं.

उतारावरून खाली येताना मुक्ताने विचारलं, "ते मेले असतील?"

"माहीत नाही."

"कधीच कळणार नाही?"

"बहुतेक नाही."

लेटरकेनीला परतल्यावर ज्ञानदाने आपल्या वरच्या कन्सल्टंट डॉक्टरांना सगळं सांगितलं. सुट्टीवर असताना कायद्याने तुझ्यावर बंधन नव्हतं, असं ते समजावू लागले. ती म्हणाली, मी कायद्याचं विचारत नाहीये. मला एकटीला भीती वाटते, आणि हे मी आजवर लपवलं. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि नीट ऐकून घेतलं. आता ती दर आठवड्याला एका समुपदेशक बाईंशी जाऊन बोलते. कामावर सांगून-सवरून, मुद्दाम, एकटीवर येणाऱ्या वेळा मागून घेते. भीती अजून वाटते. पण ती उठते.

मुक्ताने मात्र तो विषय पुन्हा काढलेला नाही. तिने काढावा, रागावून काहीतरी विचारावं, असं ज्ञानदाला फार वाटतं. पोर आईला जपते आहे, आणि तेच तिला सहन होत नाही.