न गाण्याचं व्रत

आमच्या भजनी मंडळातले किस्से म्हणजे तासगावच्या बेदाण्याचा डबा. एकच तोंडात टाकावा म्हणून झाकण उघडावं, आणि मूठ कधी रिकामी झाली ते कळूच नये. त्यात गेल्या श्रावणात प्राजक्ता मॅडम आल्या आणि डबा शिगोशीग भरला!

प्राजक्ता ही सातारची मुलगी. गाणं, भजन, फुगडी यांनी माणसाच्या तब्येतीला काय होतं, हा तिच्या संशोधनाचा विषय. खांद्याला बीपीचं मशीन अडकवून एसटीनं यायची. पहिल्याच दिवशी तिनं पारूमावशींना, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या बाईंना, अदबीनं विचारलं, "गेल्या आठवड्यात कधी उदास वाटलं का?"

मावशी म्हणाल्या, "आवं, सोमवारी उपास, मंगळवारी मंगळागौर, गुरुवारी भजन. उदास कवा व्हायाचं? शनवारी वाईच सवड हाय, तवा बघते!"

*

भजनाआधी आणि भजन झाल्यावर सगळ्यांचं बीपी मोजलं. बहुतेकींचं उतरलेलं. मावशींचं मात्र चढलेलं! प्राजक्ता घाबरली. पाणी दिलं, पुन्हा मोजलं. तेवढंच.

मावशी शांतपणे म्हणाल्या, "मशीन बराबर हाय तुमचं. ही सुमन माज्या कानाशी बेसूर गाती. तिला तिकडं बसवा, मग मोजा."

सुमन स्वतःच हसत उठली आणि पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसली. पुढच्या गुरुवारी मावशींचं बीपी उतरलं. कोपऱ्यातल्या दोघींचं चढलं!

*

मग प्राजक्तानं चिठ्ठ्या टाकून आमचे दोन गट केले. एकानं गायचं, दुसऱ्यानं तेवढाच वेळ नुसता चहा-गप्पांत बसायचं. थोडे आठवडे मंडळात न गाता काढायचे, म्हणजे फरक कळेल. बायका हवालदिल! श्रावणात गायचं नाही?

मी म्हटलं, "अगं, चातुर्मासात कुणी वांगं सोडतं, कुणी दही. आपण गाणं सोडू. व्रतच समजा की!"

झालं, सगळ्यांना एकदम पटलं. प्राजक्ता नियमाप्रमाणे म्हणाली, "कुणालाही वाटलं तर मधेच सोडता येईल बरं का."

मावशी उसळल्या, "व्रत मधेच सोडायचं? असं कुणी शिकवलं तुला, पोरी?"

*

न गाण्याची चिठ्ठी हौसाक्कालाही आली, आणि माझा जीव गलबलला. हौसाक्काचं माहेर म्हसवडचं. तिचे मालक, तात्या, फौजेतून रिटायर झालेले. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांची वाचा गेली होती. रोज दिवेलागणीला ही त्यांच्या खाटेजवळ उभी राहून माहेरच्या देवाची, सिद्धनाथाची आरती म्हणायची. "एक शबुद बोलू द्यात. शिवी दिली तरी चालंल," एवढंच तिचं मागणं. तिच्यासाठी मीही सोमवार धरले होते.

प्राजक्ताला हे कळल्यावर ती म्हणाली, "आक्का, घरी खुशाल म्हणा. फक्त मंडळात नको."

"अर्धं व्रत कुणी करतं व्हय, मॅडम?" हौसाक्का म्हणाली.

*

न गाणाऱ्यांतली सुमन एकदा भांडी घासताना गुणगुणली. दुसऱ्या दिवशी मारुतीला नारळ फोडून आली आणि प्राजक्तापुढे हात जोडून उभी राहिली, "चुकले. प्रायश्चित्त सांगा."

"काही नाही हो. मला सांगितलंत, तेवढं पुरे."

"सांगितलं की झालं? लय स्वस्त द्येव हाय तुमचा!"

हौसाक्का मात्र एकदाही चुकली नाही. म्हणायची, "दिवा लावून गप हुबी ऱ्हाते. मालक खाटंवर हात आपटत्यात. राग येत आसंल." प्राजक्तानं पुन्हा विनवलं, घरी म्हणा हो! हौसाक्का म्हणाली, "आता थोडंच ऱ्हायलंय."

*

एकदा प्राजक्ता आली ती उतरलेल्या चेहऱ्यानंच. रोजचा एसटीचा प्रवास, जेवणाचा पत्ता नाही. मावशींनी मशीनचा पट्टा तिच्याच दंडाला गुंडाळला. आकडा हा एवढा चढलेला!

"ह्यो तर सुमन शेजारी बसल्यावरबी माजा येत न्हाई," मावशी म्हणाल्या. आधी तिला खिचडी खाऊ घातली, मग तिच्या हातात टाळ दिले.

"मावशी, मला गाता येत नाही."

"आमाला तरी कुठं येतंय?"

ती गायली. डोळे मिटून, चांगली मोकळ्या गळ्यानं. त्या दिवशी मशीन परत लावायची आठवण कुणालाच झाली नाही.

*

शेवटच्या गुरुवारी आम्ही व्रताचं उद्यापन ठेवलं. पुरणपोळीचा नैवेद्य, प्राजक्ताची खणानारळानं ओटी. सगळ्या आल्या, हौसाक्काचा पत्ता नाही. माझ्या मनात नको नको ते आलं.

तेवढ्यात ती दारात उभी. डोळे सुजलेले.

"काय झालं गं? तात्या बरे आहेत ना?"

ती सरळ प्राजक्तापुढे गेली. "मॅडम, काल दिवा लावला आन् हुबी ऱ्हायले. मालकांनी हात आपटला. मग मागनं आवाज आला. आरती! शबुद जड, पन सूर बराबर. आक्खं कडवं म्हनलं!"

प्राजक्ताच्या डोळ्यांतून धार लागली.

"मग तुम्ही काय केलंत, आक्का?"

"पदर तोंडात कोंबला. म्हनलं, आता आवाज फुटला तर एवढ्या दिसांचं वाया जाईल." मग घाबऱ्या नजरेनं ती आम्हा सगळ्यांकडे बघत म्हणाली, "मी न्हाई गायली, मॅडम. त्येंनी गायलं. व्रत मोडलं का वं?"