दारातला खड्डा

माह्या अंगाचं जेवढं मोजमाप झालं तेवढं कोन्या वावराचं बी झालं नसन. अजून बी कोनी हात कमरेइतका धरून "तू एवढीशी होती" म्हनलं, तं मले संताप येते. होती तं होती. म्या काही जानून वाढाचं थांबवलं नोतं.

आमचा मळा अकोल्याले, मोर्नेच्या काठी. वांगे, मेथी, मुळे, अन सनासुदीले झेंडू. माय, बावा अन मी, तिघंच. लगन मी आठ वर्साची असतानाच धामनगावले लागलं होतं. तवा रीतच तशी. लगन आधी लागे, अन पोरीले न्हान आलं, म्हंजे पाळी सुरू झाली, का मंग तिले सासरी धाडत. माह्या जोडीच्या पोट्ट्या गेल्या, लेकरं कडेवर घेऊन मायेरी आल्या बी. मी सोळाची झाली अन दिसाले नऊ-दहाची. आंगात परकर-पोलकं. न्हानाचा पत्ता नाई.

बाजारात टोपलं घेऊन बसलो का बाया भाव इचाराच्या आधी मायले इचारत, "आलं का वं पोरीले?"

माय म्हने, "मेथी घेता का नुसतं तेच घेऊन जाता?"

पन घरी आल्यावर तीच माह्यावर चिडे. जसं म्याच कुठं लपवून ठेवलं होतं.

माघात सासूचा निरोप आला. आखाजीलोक, अक्षय तृतीयेपरेंत, पोरगी धाडा, नाई तं आमी पोरासाठी दुसरी पाहतो. बावा दोन दिस जेवला नाई. मंग कोन्या गिऱ्हाइकानं सांगतलं का अमरावतीले एका दवाखान्यात डाक्टरीनबाई हाय, ते न वाढनाऱ्या पोराईचं वहीत लिहून ठेवते. बडनेऱ्याले गाडी बदलून आमी गेलो.

बाईनं मले भितीवरच्या लाकडी पट्टीले टेकवून उभं केलं. हाताचा फोटू काढला, आतल्या हाडाचा. मंग बावाले म्हने, "मुलगी सोळाची आहे, पण हाडं दहा वर्षांच्या मुलीची आहेत. अजून कोवळी."

बावा म्हने, "मंग बाकीचे सहा वर्सं गेले कुठं?"

बाई हासली. म्हने, अंगात एक रस सुटतो, तो सुटला की मुलगी वयात येते. हिचा उशिरा सुटतोय. तसा रस आता विलायतेहून सुईत भरून येतो.

माय म्हने, "मंग मारा ना सुई."

"आत्ता नाही. सुईनं न्हाण येईल, पण उंची तिथंच थांबेल. ही वाढत असेल तर सुई नको. वाढ थांबलीच असेल तर मात्र देऊ. दर पौर्णिमेला दाराच्या चौकटीवर खूण करा. दिवाळीच्या आधी मला कार्ड टाका."

सासूनं कुरकुर करत दिवाळीलोक मुदत देली.

चैताच्या पुनवेले बावानं मले चौकटीले उभं केलं, डोक्यावर इळा आडवा धरला अन लाकडावर चीर पाडली. जेठात चीर गव्हाच्या दान्याएवढी वर गेली. आखाडात अजून थोडी. माय देवाले साखर ठेवे.

मंग कोजागिरी आली. बावानं इळा धरला, अन हात तसाच ठेवून उभा राह्यला. चीर खाली आली होती. थेट चैताच्या चिरेवर.

"पोट्टी आटून राहिली," बावा म्हने.

मायनं मीठ-मिरच्या उतरवल्या. आत्या आली, तिनं तिळाचं तेल चोळलं. बावानं मले आंब्याच्या फांदीले लोंबकळाले लावलं, अंग तानलं जाईन म्हने. रोज सकाळी मेथी तोडून झाली का मी फांदीले लटके. हाताची सालटं निंगाली. शेजारचे पोट्टे कुंपनावरून पाहत अन "वांगं पिकलं का" म्हनून इचारत. म्या एकाले ढेकूळ मारलं, त्याचा मार वेगळा खाल्ला.

शाळेच्या गुरुजीनं कार्ड लिहिलं, चैत्रात होती तेवढीच आहे. बाईचं उत्तर आलं, वाढ थांबलेली दिसते, घेऊन या, सुई सुरू करू.

सासूले कळलं तं ते बी निंगाली. बडनेऱ्याच्या टेसनावर भेटली, हातात नव्या लुगड्याची घडी. "आता न्हान आलं का लगेच नेतो," म्हने. माय रडली. खुशीनं का कायच्यानं, तिचं तिले ठाऊक.

दवाखान्यात बाकावर माह्या शेजारी एक सहा-सात वर्साची पोट्टी बसली होती. तिले त्या वयात छाती आली होती. तिची माय घडीघडी पदरानं झाके. तिले लवकर, मले उशिरा. म्या म्हनलं, देवाच्या घरी बी माप धड नाई.

आतमंधी सुई उकळून राहिली होती. बाईनं सुई भराच्या आधी मले परत पट्टीले उभं केलं. वही पाह्यली. मले परत उभं केलं. परत वही पाह्यली.

"हिला कोणी मोजलं?"

"म्या," बावा म्हने.

"ही दोन बोटं वाढली आहे. तुम्ही तर कार्डात लिहिलं, वाढलीच नाही."

सासू म्हने, "इवाई, ते दोन बोटं कोन्या बाजारात इकले?"

बावाचं तोंड काळं पडलं. "इहीनबाई, माह्या लेकीच्या डोक्यावर इळा धरून मी खोटं काहून करीन?" मायनं गुरुजीवर ढकललं. सासूनं बाईच्या पट्टीवर. सगळे माह्या डोक्यावरून भांडून राहिले होते, अन मले कोनी इचारेना.

मले पानी आनाचं काम होतं. पहाटे गुंड घेऊन दारातून बाहेर निंगताना उंबऱ्याले रोज ठेच लागे. दसऱ्यापासून लागली नोती. उंबरा बसका झाला होता. म्या म्हनलं, "बावा, भुई वर आली."

कोनाले काही समजलं नाई. म्या परत सांगतलं. पान्यापावसात घरातली भुई ओली झाली होती, खड्डे पडले होते. दसऱ्याच्या आधी मायनं मुरूम अन पांढरी माती टाकली, आमी दोघीनं धुम्मसानं ठोकली, वरून शेनाचे चार हात देले. सनाले समदे घरं असंच करतात. चौकट जाग्यावर राह्यली अन माह्या पायाखालची भुई दोन बोटं वर आली. मी जेवढी वाढली, तेवढीच भुई बी वाढली.

माय हळूच म्हने, "म्या तं घर चांगलं केलं होतं."

बाईनं सुई खाली ठेवली. म्हने, आज देणार नाही.

सासू म्हने, "आता उकळली हाय तं मारून टाका. आमी नातू कधी पाहावं?"

बाई काही बोलाच्या आधी बावा बोलला. "इहीनबाई, मुळ्याले डेंगळा आला, फूल आलं, का खाली मुळा पोसत नाई. आता फूल आनलं तं हे एवढीच राहीन."

बाई म्हने, "कंबर अरुंद आहे हिची. एवढ्या अंगात मूल राहिलं तर पहिल्याच बाळंतपणात जाईल."

सासू गपकन बसली. तिची थोरली लेक पहिल्याच बाळंतपनात गेली होती, चौदाची. सासूनं कमरेच्या पिशवीतून वातीचा कापसाचा दोरा काढला, माह्या टाचेपासून डोक्यालोक धरला, गाठ मारली अन दातानं तोडला.

"पुढच्या आखाजीलोक. याच्याहून वाढली नाई तं मी दुसरी पाहीन. अन मोजीन मी सोता. दोऱ्याले कोनी सारवत नाई."

घरी आल्यावर बावानं लोखंडी सबल, म्हंजे पहार, घेतली अन चौकटीपाशी जुनी भुई लागेलोक खोदलं. माह्या दोन पायाइतका खड्डा. मायचा जीव जळला. "माहं घर फोडून राहिले," म्हने. त्या खड्ड्यात कोंबडी बसे, आल्यागेल्याचा पाय अडके. अन दर पुनवेले मी त्यात उभी. मले वाटे, मले इथंच पुरतात का काय.

आखाजीले सासू आली. च्या घेतला नाई, आधी दोरा काढला. दोरा चार बोटं कमी पडला. तिनं दोनदा ओढून पाह्यला. मंग म्हने, "च्या टाका."

श्रावनात न्हान आलं, बिनासुईचं. सतरा वर्साची घोडी केळीच्या खांबात बसवली, ओटी भरली, बाया गाने म्हनत. त्याच बाया, बाजारातल्या. मायनं पहिलं काम काय केलं तं खड्डा बुजवून सारवून टाकला.

पुढं मले दोन लेकरं झाले, एक राह्यलं. पन मी जित्ती राह्यली.

पहिल्यांदा सासू मले न्याले आली त्याच दिसी बाईचं कार्ड आलं. न्हान आल्याचं बावानं कळवलं होतं ना. गुरुजीनं वाचलं, "वाचून आनंद झाला. पण उंची लिहिली नाही. मोजून कळवा, जुन्या भुईपासून."

बावानं मायकडे पाह्यलं. माय सबलीपुढं जाऊन उभी राह्यली. "या भुईले हात लावाल तं पाहा," म्हने.

मी नवं लुगडं नेसून, ओटी भरून, बैलबंडीत बसाले निंगाली होती. सासूनं कमरेची पिशवी सोडून दोरा काढला.

"उभी राह्य वं," म्हने.

मी उभी राह्यली.